दक्षिणेकडचं ऊन

मी भांडखोर हाय, हे आधीच सांगून टाकतो. म्हंजे मागनं कुणी म्हणायला नको, की अक्काताई साळसूदपणाचा आव आणतीया. आणि बाई असून मी "सांगतो, जातो" म्हणतो त्याला हसू नका. आमच्या कोल्हापुरात बायका असंच बोलतात. माझा मल्लेश नोकरीला पुण्याला गेला, तशी त्याची बायको चार वर्षांत "जाते, येते" करायला लागली, आणि वर फोनवर मलाच सुधारती. माझं काय आता सुधारायचं वय न्हाय.

गोष्ट उनाची हाय. माझ्या दारात दक्षिणेकडनं येणाऱ्या उनाची. ते ऊन राखायला मी जे केलं ते तुम्हाला आवडणार न्हाय. न आवडू दे.

आमचे मालक राजारामपुरीत कापडाच्या दुकानात मीटरपट्टी हातात धरून तीस वर्षं उभे राहिले. त्यातनं शहराच्या कडेला, नवीन पाडलेल्या कॉलनीत, हा तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. घराचं काम जोत्यापर्यंत आलं आणि ते गेले. साल अठ्ठ्याऐंशी. राहिलेलं घर मी एकटीनं उभं केलं. उत्तरेच्या टोकाला दोन खोल्या आणि सैपाकघर, बास. दक्षिणेकडची सगळी जागा मोकळी सोडली. भावकीतले येऊन अक्कल शिकवायचे, गाळे काढ, भाड्यानं दे, रस्त्याची जागा हाय. मी म्हटलं, मला गाळे नकोत, मला ऊन पायजे.

माहेर माझं हातकणंगले तालुक्यातलं, पानमळेवाल्यांचं. पानमळ्यात विड्याच्या पानाचा वेल चढवायला हादगा आणि शेवगा लावतात. म्हंजे वेल तर खायचाच, पण त्याला आधार देणारं झाड पण खायचं. आमच्या आप्पांचा कायदा एकच हुता. झाड एकदा लावलं की धा वर्षं त्यानं द्यायला पायजे, दिसायला देखणं पायजे, आणि त्याचं काय ना काय चुलीवर चढायला पायजे. या तिन्हीत बसत न्हाय ते उपटायचं.

मी तसंच लावलं. फाटकावर कमान करून मायाळू सोडला, लाल देठाचा, दांडगा. त्याची भजी खावी आणि नुसती बघत बसावी. दोन बाजूला डाळिंबं. वाटेच्या कडेनं पानओवा, त्याच्या मागं गवती चहाचे गड्डे. कोपऱ्यात हादगा, एक पांढऱ्या फुलाचा आणि एक लाल फुलाचा. फुलं उतरली की टोपल्यात अशी दिसायची की भाजी चिरायला जीव व्हायचा न्हाय, पण चिरायचो. तारेवर तोंडली. आंबेहळदीला पावसाळ्यात गुलाबी तुरे यायचे, ते बघायला रस्त्यानं जाणारे सायकली थांबवायचे. बाजूच्या बंगल्यांतनं क्रोटन आणि शोभेची पामं. मला त्या क्रोटनची चीड हाय. अंगावर एवढे रंग, आणि शेळीसुद्धा तोंड लावत न्हाय.

दक्षिणेचा प्लॉट रिकामा हुता. तिथनं दिवसभर ऊन यायचं, काहीच आडवं न्हवतं. एक्याण्णव साली तो प्लॉट गणपतरावानं घेतला. हा माणूस वारणानगरला हापिसात नोकरीला, तिथंच कॉलनीत राहायचा. निवृत्त झाल्यावर हितं घर बांधायचं म्हणून प्लॉट घेऊन ठेवलेला. सफारी, मिशा, आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरनं बघायची सवय.

भूमिपूजनाला आला त्या दिवशीच वाजलं. त्याच्या गड्यांनी साफसफाई करताना तारेवरची माझी तोंडली विळ्यानं सपासप कापली. दोन वर्षांचा वेल. मी बाहेर आलो आणि तोंड सोडलं. तोंडली त्याच्या बाजूला गेलती हे खरं हाय, पण सांगता येत न्हाय? हाक मारता येत न्हाय? तो भटजीसमोर पाटावर बसला हुता. उठला पण न्हाय. बसल्या जागेवरनं म्हणाला,

"बाई, ही बाग न्हवं. हा गुरांचा चारा हाय. साप निघतील यातनं."

गडी हसले. भटजी पण हसला. माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती आजपर्यंत उतरली न्हाय, खोटं कशाला बोलू. त्याची बायको बाळाबाई पूजेचं तबक घेऊन मागं उभी हुती. बारीक अंगाची, डोक्यावर पदर. ती तेवढी हसली न्हाय. ती माझ्या मायाळूच्या कमानीकडं बघत हुती, आणि तारेतनं हात घालून तिनं एक पान धरलं. मला वाटलं, ही पण तोडती. मी तिच्यावर पण ओरडलो, हात काढ म्हणून. तिनं चटका बसल्यागत हात मागं घेतला. तिथनं पुढं त्या घराशी माझं बोलणं बंद.

दोन वर्षं प्लॉट तसाच पडून हुता. त्र्याण्णवच्या जूनमध्ये गणपतराव कंत्राटदाराला घेऊन आला. टेप लावून मापं घेतली, खुंट्या ठोकल्या, पांढरी फक्की टाकून आखणी केली. मी खिडकीतनं बघत हुतो. ती पांढरी रेघ माझ्या तारेपासनं पाच फुटांवर आली. ते गेल्यावर खुंट्या ठोकणाऱ्या गड्याला मी पाणी दिलं आणि विचारलं. तो म्हणाला, दोन मजली हाय मावशी, दसऱ्याला सुरुवात.

थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो, तवा ऊन तिरकं येतं. पाच फुटांवर दोन मजली भिंत उठली की दिवाळीपासनं शिवरात्रीपर्यंत माझ्या बागेत ऊन म्हणून पडणार न्हाय. डाळिंबाला कळी न्हाय, हादग्याला फूल न्हाय. मायाळू उनाला हपापलेला, तो तर झुरून मरणार. मालक गेल्यावर मी पोरगा वाढवला आणि ही बाग वाढवली. पोरगा पुण्याला गेला. मग माझ्याकडं राहिलं काय?

महापालिकेत गेलतो. टेबलावरच्या पोरानं नकाशा बघितला न्हाय, मला दाखवला पण न्हाय. नियमानं जागा सोडली असली की झालं, म्हणाला. आणि वर सांगितलं, उनावर कुणाची मालकी नसती मावशी. बरोबरच हाय. पण बरोबर हाय म्हणून मी गप बसायचं का?

गणपतरावाकडं जाऊन हातापाया पडायचं माझ्या मनात एकदा सुद्धा आलं न्हाय. ज्यानं माझ्या बागेला चारा म्हटलं त्याच्यापुढं पदर पसरू? मी मेलो तरी न्हाय.

आता खरं सांगतो. माझ्या मोरीमागं सांडपाण्याच्या खड्ड्याच्या कडेला उंबर उगवला हुता. पाखरं बी टाकतात, कुठंही उगवतो. दरवर्षी मी उपटायचो. त्या वर्षी राहिला आणि सांडपाण्यावर माझ्या छातीएवढा झाला. एक दिवस भांडी घासताना माझी नजर त्याच्यावर गेली, आणि मला बाळाबाईच्या तबकातला फोटो आठवला. दत्ताचा फोटो. गड्यांनी सांगितलतं, बाई दर गुरुवारी उपास धरती आणि पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला जाती म्हणून. दत्ताची माणसं औदुंबराला कुऱ्हाड लावत न्हाईत. घर बांधतील तर झाड मधी ठेवून बांधतील, न्हायतर बांधणारच न्हाईत. हे अख्ख्या कोल्हापुराला ठाऊक हाय.

आम्ही शंकराचे. गळ्यात लिंग. दत्ताचं आम्हाला वावडं न्हाय, पण औदुंबर आमच्या देव्हाऱ्यातला न्हवं. म्हणून मला भीती पण वाटली न्हाय.

पाऊस लागल्यावर एका दुपारी, कॉलनी जेवून आडवी झाली असताना, मी तो उंबर मुळांसकट मातीचा गड्डा धरून काढला, तार वाकवून पलीकडं गेलो आणि त्या पांढऱ्या रेघेच्या बरोबर आत, घराच्या मधोमध येईल असा लावला. भोवती धा-बारा दगड गोल मांडले, जुने दिसावेत म्हणून मोरीतले शेवाळलेले. पाऊस उघडला की तारेवरनं बादलीनं पाणी. शेण पण घातलं. हात माझा पानमळ्यातला हाय, लावलेलं जगतंच. दसऱ्यापर्यंत माझ्या डोक्याच्या वर गेला, गवत कमरेएवढं माजलेलं, आणि त्यात ते झाड जसं काय कधीपासनं हुतं. दसऱ्याच्या आदल्या गुरुवारी मी त्याला हळदीकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली आणि अर्धी जळल्यावर विझवून तशीच ठेवली. बघा, किती बारकाईनं केलं. तेवढी अक्कल मी पोराच्या शिक्षणाला लावली असती तर तो साहेब झाला असता.

ते आले. कंत्राटदार पुढं हुता. त्यानं झाड बघितलं, दगड बघितले, कुंकू बघितलं, आणि पायातल्या चपला काढल्या. बाळाबाई तर त्या ओल्या गवतात गुडघ्यावर बसली आणि रडायला लागली. म्हणाली, महाराज आपणहून आले. गणपतराव झाडाकडं बघत न्हवता. तो तारेपलीकडं माझ्याकडं बघत हुता. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यावरनं न बघता डोळ्यात बघत हुता.

"हे जूनमध्ये न्हवतं," तो म्हणाला.

"देवाला तारीख विचारताय?" बाळाबाई म्हणाली.

झालं. बायकोपुढं त्याचं काय चाललं न्हाय. खुंट्या उपटल्या. मी घरात गेलो, पुरण शिजवलं आणि एकटीनं बसून चार पोळ्या खाल्ल्या. लई आनंद झालता. झालता ते झालता, आता कशाला लपवू?

शहाण्णवला गणपतराव निवृत्त झाला आणि त्यानं हितं घर बांधलं. घर कसलं, प्लॉटच्या पार दक्षिणेच्या टोकाला दोन खोल्या, वर पत्रा. झाड मधी, त्याच्या मुळांना धक्का नको, फांदीला धक्का नको, असं बायकोनं बजावलेलं, म्हणून खोल पाया न्हाय, वर मजला न्हाय. एवढा हापिसातला माणूस, पत्र्याखाली उन्हाळ्यात भाजून निघायचा. मी बागेत खुर्ची टाकून बसायचो आणि मुद्दाम डाळिंब सोलत खायचो. त्यानं एकदा पाण्याच्या पाइपावरनं माझ्यावर तक्रार केली, मी त्याच्या रेडिओवरनं केली. असं चालायचं.

बाळाबाई रोज सकाळी झाडाला प्रदक्षिणा घालायची. अकरा. तोंडानं पुटपुटत. माझ्या बाजूला आली की मान खाली घालायची.

आणि झाड वाढत हुतं. ते मी धरलंच न्हवतं. रागात माणूस एकच वर्ष पुढचं बघतो. पानमळ्यात वाढलेली बाई मी, कुठलं झाड किती पसरतं हे तोंडपाठ असलेली, आणि उंबराचा घेर माझ्या ध्यानातच आला न्हाय. दोन मजली भिंत निदान जागेवर उभी राहिली असती. हे झाड दरवर्षी हातभर माझ्याकडं सरकायचं. सत्त्याण्णवच्या थंडीत पहिल्यांदा सकाळी दहाची सावली कमानीवर आली. मी म्हटलं, जाईल. दोन हजार साली डाळिंबाला चार फळं लागली, त्यातली तीन तडकली. लाल हादगा उनासाठी वाकत वाकत रस्त्याकडं गेला आणि एका वाऱ्यात मोडला. आंबेहळदीला तुरे यायचे थांबले. मायाळूची पानं बोटाएवढी झाली, देठ पिवळट. कढीपत्त्यावर पांढरी कीड. गवती चहाच्या गड्ड्यांत नुसता पेंढा. अळू तेवढा राहिला माजोरी, त्याला काय, सावलीच पायजे.

वर ती उंबरं. पिकली की बदाबदा माझ्या वाटेवर पडायची, आणि फोडली की आत चिलटं. झाडून झाडून कंबर गेली. मुळांनी माझ्या वाटेची फरशी फोडली. आणि माणसं. आधी बाळाबाई एकटी हुती, मग कॉलनीतल्या चार बायका आल्या, मग दर गुरुवारी आरती, मग पार बांधला, मग घंटा, मग कर्णा. मी ऊन मागत हुतो आणि माझ्या दारात तीर्थक्षेत्र झालं.

निदान माझ्याकडं आलेल्या फांद्या छाटाव्यात म्हणून मी माणसं बोलावली. तीन गडी आले, तिघं पण वर बघून, हात जोडून, परत गेले. शेवटी लाकडाच्या वखारीतल्या कुतुबुद्दीनला बोलावलं. हा आमच्या ओळखीचा, घराच्या चौकटी त्यानंच दिलत्या. मला वाटलं, याला काय दत्ताचं पडलंय? त्यानं चहा घेतला, झाड खालनं वरपर्यंत बघितलं, आणि कप खाली ठेवला.

"अक्का, देव तुमचा, कुऱ्हाड माझी, असं करू नका," तो म्हणाला. "तुमच्यातल्या कुणी पहिला घाव घातला तर बाकीचं मी करतो."

तो बरोबर बोलला, आणि मला लाज वाटली. पण लाजेनं सावली हटत न्हाय. मग मी हिंग आणला. झाडाच्या खोडाला भोक पाडून हिंग भरला की झाड वाळतं म्हणतात. दुपारी पाराजवळ सामसूम असायची. महिनाभर मी रोज जायचो, बुंध्याशी बसायचो, खिळ्यानं भोक पाडायचो आणि हिंगाची पूड कोंबायचो. वर कुणी बघू नये म्हणून तांब्याभर पाणी ओतायचो आणि हात जोडायचो. झाड वाळायचं सोडा, त्या वर्षी दुप्पट फुटलं. कॉलनीत मात्र बोलणं सुरू झालं, की अक्काताई लिंगायताची असून दुपारच्या उनात दत्ताची सेवा करती. कपाळ बडवून घ्यावं असं वाटलं.

दोन हजार तीन साली बाळाबाई गेली. सकाळी प्रदक्षिणा घालून पायरीवर बसली आणि बसल्या जागी मान टाकली. सगळी कॉलनी गेली. मी गेलो न्हाय. खिडकीतनं बघत हुतो. हे मी अभिमानानं सांगत न्हाय, पण असंच झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी, पाच सालच्या दत्तजयंतीला, पाराचा उत्सव ठरला. मंडप घातला, खुर्च्या मांडल्या. आदल्या दिवशी मंडळाची पोरं माझ्याकडं आली आणि म्हणाली, अक्का, तुमचा सत्कार करायचा. या झाडाला पहिल्यापासनं तुम्ही पाणी घातलंय, आम्हाला म्हाताऱ्या बायकांनी सांगितलंय. शाल, नारळ आणि पारावर संगमरवरी पाटी, तुमच्या नावाची. आणि जाता जाता सांगितलं, गर्दी वाढलीया, तुमच्या पुढच्या अंगणातनं प्रदक्षिणेची वाट काढली तर बरं हुईल. तसंही तिथं आता काय उगवत न्हाय.

काय उगवत न्हाय. माझ्या तोंडावर.

दुसऱ्या दिवशी मंडपात मला खुर्चीवर बसवलं. अंगावर शाल टाकली. दोनशे माणसं. समोर पहिल्या रांगेत गणपतराव, बायको गेल्यापासनं वाळलेला, सफारी अंगावर लोंबणारी. माझ्या हातात माइक दिला, दोन शब्द बोला म्हणून. मी बोललो. बारा वर्षांचं सगळं बाहेर काढलं. हे झाड देवानं आणलं न्हाय, मी आणलं. माझ्या मोरीच्या खड्ड्यावरचं हाय. या माणसाचं घर होऊ नये म्हणून भर दुपारी तार वाकवून लावलं. कुंकू मी लावलं, उदबत्ती मी लावली. नंतर मरावं म्हणून हिंग पण मी घातला. हे काढा. माझं ऊन मला परत द्या.

मला वाटलं, आता चपला पडतील. पडाव्यात, झाड तेवढं पडावं. तर पुढचा एक म्हातारा उठला, डोळे भरलेले, आणि माझ्या पायाला हात लावला. म्हणाला, महाराजांनी वैरातनं सुद्धा आपलं काम करून घेतलं, तुमच्याच हातनं. हिंगानं सुद्धा मेलं न्हाय, बघा. झालं, टाळ्या. घंटा. बायका माझ्या पाया पडायला रांगेत उभ्या. मी ओरडत हुतो की मी खरं सांगतोय, आणि ते म्हणत हुते, खरंच सांगताय अक्का.

एकट्या गणपतरावानं टाळ्या वाजवल्या न्हाईत. तो उठला आणि घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या फाटकाशी आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मी कमानीखाली हुतो, त्या वाळक्या वेलाखाली. भांडायला आलाय असं धरून मी तोंड उघडलं, पण त्यानं हात वर केला. त्याच्या हातात निळ्या कागदाची गुंडाळी हुती. त्यानं ती फाटकाच्या पिलरवर पसरली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. घराचा नकाशा हुता. त्र्याण्णव सालचा.

त्यानं बोट ठेवलं. दोन मजले हुते, पण पार तिकडं, दक्षिणेच्या टोकाला. माझ्या तारेपासनं पाच फुटांवर जी पांढरी रेघ मी बघितली ती भिंतीची न्हवती. ती ओसरीची हुती. उघडी, बिनछपराची, गुडघ्याएवढ्या कठड्याची ओसरी. मी नकाशा बघितला, मग त्याच्या पत्र्याच्या खोल्यांकडं बघितलं, मग परत नकाशा. ऊन अडणारच न्हवतं. एक वीतभर सुद्धा न्हाय.

"माझ्या मनात तिथं हॉल हुता," गणपतराव म्हणाला. आवाज चढवला न्हाय. "तिनं भांडून काढायला लावला. म्हणाली, हितं भिंत नको, मला त्या बाईंची बाग बघत बसायचंय. मी म्हटलं, ती बाई तुझ्यावर ओरडली. तर म्हणाली, ओरडू दे, ओसरी झाली की एक दिवस बोलतील."

मला तो भूमिपूजनाचा दिवस आठवला. पान धरलेला तिचा तो हात, आणि मी काय म्हणालो ते. मी कशीबशी म्हणालो, की चुकलं माझं. चुकलं, गणपतराव. आता मालक तुम्ही हाय, झाड तुमच्या जागेत हाय. कुतुबुद्दीन तयार हाय, पहिला घाव तुम्ही घाला, न्हायतर मी घालतो, पाप माझ्या डोक्यावर घेतो. एवढी अजिजी मी जन्मात कुणापुढं केली न्हवती.

त्यानं नकाशाची घडी घातली. माझ्या हातात दिली.

"सात वर्षं तिनं त्याला प्रदक्षिणा घातल्या," तो म्हणाला. "तुम्ही खोटं लावलं असंल. तिनं घातलेल्या खोट्या न्हवत्या. मी जिवंत हाय तोवर त्याचं पान तोडू द्यायचा न्हाय. आणि मी लवकर मरायचा न्हाय, अक्काताई. तुम्हाला सावलीत बसलेलं बघायचंय मला."

एवढं बोलून तो गेला. चपला बाहेर काढून पारावर चढला आणि सकाळची उंबरं झाडायला लागला, माझ्या बाजूची सुद्धा.